डोंबिवलीचा गोळा

तो गोळा माझ्या पायावर पडता पडता राहिला, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

दसरा नुकताच होऊन गेला होता. परतीच्या पावसाची भुरभुर चालू होती आणि मी डोंबिवली स्टेशनहून एमआयडीसीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात बसले होते. शेजारी एक उंच, सडपातळ मुलगा मांडीवर गोणपाटाची पिशवी घेऊन बसला होता – इतक्या जपून, की आत तान्हं बाळ असावं. खड्डा आला, रिक्षा उडाली, पिशवी कलंडली आणि एक लोखंडी गोळा गडगडत माझ्या चपलेपाशी आला. मी तो एका हाताने उचलला. सवयीने तळहातावर घोळवला, मानेशी टेकवला...

"जपून हां, तीन किलोचा आहे," तो घाईघाईने म्हणाला.

"तीन नाहीये. थोडा कमी भरेल."

तो हसला. आधी त्याचे डोळे हसले, मग ओठ. "तुम्ही काय तराजू गिळलाय का?"

"कॉलेजात गोळाफेक करायचे. हे खांदे काय उगाच झालेत?"

आता हे खांदे म्हणजे आमच्या घरातला नाजूक विषय. माजिवड्याला आमच्या घरी मला बघायला आलेले दोघं जण पोहे खाऊन 'कळवतो' म्हणून गेले, ते गेलेच. आईचं मत, मी पदर खांद्यावरून नीट घ्यावा. माझं मत, मुलांनी जरा जेवण वाढवावं. पण या मुलाने माझ्या खांद्यांकडे सरळ पाहिलं आणि म्हणाला, "मस्त आहेत की."

उरलेला रस्ता मी बाहेर बघत बसले. बघण्यासारखं काहीच नव्हतं, केमिकल कंपन्यांच्या भिंती होत्या.

उतरलो ते दोघंही एकाच गेटपाशी.

"तुम्ही... इथे?" त्याने विचारलं.

"क्षिप्रा. घोडबंदर रोडच्या तपासणी संस्थेतून आलेय. इथला माल तपासायला."

त्याचा चेहरा पडला. "मी अपूर्व. माल माझाच आहे."

अपूर्व आणि त्याचे वडील अण्णा, दोघांचा हा छोटा कारखाना. अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंपन्यांत लेथ चालवलं आणि निवृत्त झाल्यावर मुलाबरोबर स्वतःचं सुरू केलं. आजवर त्यांनी शाळांसाठी शर्यतीतले अडथळे आणि गोळे बनवले होते. आता मात्र परदेशातली पहिली ऑर्डर हाती होती – अरब देशांच्या युवा मैदानी स्पर्धा. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या गोळाफेकीचे सगळे गोळे डोंबिवलीतून जाणार होते. माझ्या सहीशिवाय पेटी हलणार नव्हती आणि टेम्पो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता. तो चुकला की ऑर्डर गेली.

अण्णांनी चहा मागवला, स्वतः खुर्ची पुसून दिली. "सावकाश बघ, बाळ. एकही गोळा कमी भरायचा नाही."

मी काटा लावला. पहिला ठीक, दुसरा ठीक. तिसरा कमी. मग एकामागून एक हलके निघत गेले.

"शक्यच नाही," अण्णा म्हणाले. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी स्वतः वजन केलंय."

अपूर्व जमिनीकडे बघत होता. "अण्णा... मी घासलेत ते."

मग सगळं बाहेर आलं. दसऱ्याला अण्णांनी यंत्रांबरोबर गोळ्यांचीही पूजा केली होती. तेलात कालवलेलं कुंकू घेऊन प्रत्येक गोळ्याला टिळा लावला होता. पांढऱ्या रंगावर लाल डाग बसले ते जाईनात. अण्णा घरी गेल्यावर अपूर्वने सगळे गोळे पॉलिशच्या चाकावर धरून घासले आणि वरून पातळ रंगाचा हात मारला. कुंकू गेलं, त्याच्याबरोबर लोखंडही गेलं.

"तिकडचे लोक काय म्हणतील, असं वाटलेलं मला," तो पुटपुटला. "गावठी वाटेल म्हणून."

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढला आणि परत घातला.

अपूर्वने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम... काही ग्रॅमचाच प्रश्न आहे ना?"

खोटं कशाला बोलू? त्या डोळ्यांसाठी माझा हात पेनाकडे गेला होता. पण मी स्वतः मैदानात उभी राहिलेली मुलगी आहे.

"विक्रम झाला की पंच तोच गोळा पुन्हा काट्यावर ठेवतात," मी म्हटलं. "हलका निघाला तर त्या मुलीचा विक्रम जातो. तिची काय चूक? सॉरी, मी सही नाही करणार."

मला वाटलं, आता हा तोंड फिरवणार. पण तो बाह्या सरसावत म्हणाला, "उद्या दुपारी परत याल? प्रत्येक गोळ्याचं बूच उघडून आतल्या पोकळीत शिशाचे छर्रे भरतो आणि पुन्हा बंद करतो. तुमचा काटा मात्र तोच आणा."

दुसऱ्या दिवशी माझ्याऐवजी ऑफिसातली रचना जायला तयार होती. मी तिला म्हटलं, तुला डोंबिवली लांब पडेल. ती नुसती हसली, कारण ती राहतेच डोंबिवलीत.

गेले तर बापलेकांचे डोळे लाल, हात काळे, आणि गोळे ओळीने मांडलेले. अपूर्व दोन्ही हातांनी एकेक गोळा काट्यापाशी आणत होता. मी दोन हातांत दोन घेऊन आले.

"इज्जत काढताय माझी," तो हळूच म्हणाला.

"जेवत जा जरा."

"कोणी वाढलं तर जेवेन."

"काट्याकडे बघा, माझ्याकडे नको."

एकूण एक गोळा बरोबर भरला. मी सही केली तेव्हा अण्णांनी हात जोडले आणि मलाच लाजल्यासारखं झालं. पेटी बंद करताना त्यांचा हात कोनाड्यातल्या कुंकवाच्या करंड्याकडे गेला... आणि मुलाकडे बघून थांबला. अपूर्वने करंडा उचलला. पेटीच्या झाकणावर त्याने स्वतः टिळा लावला, चांगला ठसठशीत.

"कळू दे कुठून आलेत ते," तो म्हणाला.

त्यानंतर डोंबिवलीच्या या मुलाला घोडबंदर रोडवर फार कामं निघू लागली. कधी पावती द्यायची, कधी काटा कुठे मिळतो ते विचारायचं, कधी नुसतंच 'इथून चाललेलो.' घोडबंदरचा ट्रॅफिक ओलांडून जो पुन्हा पुन्हा येतो, त्याच्या मनात काय आहे हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. 'मॅडम'ची क्षिप्रा झाली, 'तुम्ही'चं 'तू' झालं. पण पुढचं वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना आणि मीही मदत करेना.

मुलींच्या गोळाफेकीच्या अंतिम फेरीच्या दिवशी अण्णांनी मला कारखान्यात बोलावलं. लॅपटॉपवर थेट प्रक्षेपण चालू होतं. ट्युनिशियाची एक मुलगी वर्तुळात आली. केस घट्ट बांधलेले, खांदे माझ्यासारखे. ती वळली, हात सुटला, आणि गोळा सगळ्या खुणांच्या पलीकडे जाऊन पडला.

स्पर्धेचा नवा विक्रम.

ती मुलगी उड्या मारत होती. आम्ही तिघं मात्र हललो नाही. एक पंच गोळा घेऊन काट्याकडे चालला होता. अपूर्वने माझा हात धरला, आणि मला वाटतं, धरलाय हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पंच वाकला, आकडा बघितला, दुसऱ्याला दाखवला. मग त्याने मान डोलावली आणि फलकावर विक्रम कायम झाला.

"आपला गोळा," अण्णा म्हणाले. मग उठून लेथपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ ते पुसत राहिले.

"क्षिप्रा," अपूर्व म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "त्या दिवशी तू सही केली असतीस ना... तरी तू मला आवडली असतीस. पण केली नाहीस, म्हणून मला तुझ्याशी लग्न करायचंय."

मी उत्तर जरा लांबवणार होते. मुलींनी लांबवावं म्हणतात. पण समोर ती मुलगी देशाचा झेंडा खांद्यांवर घेऊन मैदानभर धावत होती, आणि तिला कोणी पदर घ्यायला सांगत नव्हतं.

"हो," मी म्हटलं. अण्णांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.