चौथी बाटली

"वा! काय गुलाब आहे!" तो डोळे मिटून म्हणाला आणि मी जीभ चावली. कारण त्याच्या नाकाखाली मी धरलेल्या बाटलीत लवंगेचं तेल होतं.

चूक माझीच. लेबलं लावताना मावशीशी वाद घालत होते, आणि गुलाबाचं लेबल चिकटलं लवंगेवर. दुकान मावशीचं, सुगंधी तेलांचं. तिला कळतं तर तिने मला कच्चं खाल्लं असतं. पण लवंगेला गुलाब म्हणणारा हा महाभाग कोण? बाहेर पावसाची भुरभुर होती म्हणून आडोशाला शिरला होता, आणि मी सवयीने बाटली पुढे केली होती.

"तुम्हाला वास येतो का हो?" मी विचारलंच.

त्याच्या कानाच्या पाळ्या लालेलाल. "...नाही. तापात गेला. लेबल वाचून बोललो."

"म्हणजे थाप!"

"सभ्य थाप," तो हसला. गालावर खळी... असू दे, मी पाहिली नाही असंच समजा.

गडी निघाला चहाच्या कंपनीतला चाखणारा! वासाशिवाय कसली चव? चहा त्याला नुसतं गरम पाणी लागायचा, तरी रोज "छान, छान" म्हणत वेळ मारून नेत होता. महिनाअखेरीस परीक्षा होती. नापास झाला की चव-खोलीतून उचलबांगडी, थेट गोदामात.

"नाकाला तालीम दे त्याच्या," आतून मावशी आली. "गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग. सकाळ-संध्याकाळ हुंगायचं, मन लावून. लॅव्हेंडरने झोप लागते, पुदिन्याने डोकं हलकं होतं, तसं रुसलेलं नाकही वासांनी माघारी येतं. कधी कधी."

"हमी?" त्याने विचारलं.

"हमी वॉशिंग मशीनला मिळते. बसा."

तर चहासाहेब रोज येऊ लागले. एकदा आले ते नाक टोमॅटोसारखं घेऊन. घाई झाली म्हणून निलगिरीचं तेल थेट नाकाला चोळलं होतं!

"अहो शहाणे! नुसतं तेल कातडीला लावायचं नसतं, बदामाच्या तेलात मिसळायचं असतं!" मी कापूस बदामाच्या तेलात बुडवला आणि त्याचं नाक हलक्या हाताने पुसू लागले. एवढ्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. तोही बघत होता.

"आग होतेय?"

"होतेय... पण पुसत राहा."

"अहो-जाहो पुरे की आता," मी म्हटलं, आणि माझेच कान तापले.

दिवस जात होते, नाक ढिम्म. एका संध्याकाळी तो बाटल्या सरकवून म्हणाला, "गोदामही वाईट नसतं गं." मला असला राग आला! "तू हार मानलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी!" मी लिंबाची बाटली त्याच्या नाकाखाली जवळजवळ कोंबलीच. त्याने एकदा हुंगलं, मग म्हणाला, "...आंबट?" मग ओरडला, "आंबट!" रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

गुलाब आला, निलगिरी आली. लवंग मात्र हटून बसली होती.

परीक्षा जवळ आली तशी मीच त्याला दुकानात यायची बंदी केली. चाखणाऱ्याच्या अंगाला परका वास चालत नाही, आणि माझे हात तर सदा तेलात. पण परीक्षेच्या सकाळी त्याला भेटायचं होतं मला! म्हणून मीही बाटल्यांना हात लावणं सोडलं, बिनवासाच्या साबणाने हात धुऊन धुऊन कोरडे करून घेतले. मावशी नुसती गालात हसायची. आणि त्या सकाळी त्याच्या कंपनीपाशी गेले, तर समोरच्या फुटपाथवरून पाय हलेना. चुकून माझा वास लागला तर? तशीच परत आले. जीव नुसता टांगणीला.

दुपारी दार धाडकन उघडलं.

"पास! एका कपात ओल लागलेल्या चहाच्या पेटीचा वास होता. पकडला! साहेबांनी पाठ थोपटली!"

मला नाचावंसं वाटत होतं. पण म्हटलं, "थापाड्या आहेस तू. मीट डोळे."

मावशी एकेक बाटली त्याच्यापुढे धरत गेली.

"गुलाब... निलगिरी... लिंबू."

चौथी लवंगेची. मावशीने झाकण उघडायच्या आत मी तिचा हात बाजूला केला आणि स्वतःचा रिकामा तळहात पुढे धरला.

त्याने श्वास घेतला. थांबला. पुन्हा घेतला... सावकाश.

"ही बाटली नाही. साबण आहे... बिनवासाचा म्हणतात, पण असतो थोडासा." डोळे मिटलेलेच होते, खळी मात्र उमटली. "आणि तू आहेस."

"माझा कसला वास?"

"त्याला नाव सापडत नाहीये. आयुष्यभर शोधू देशील?"

इतकं आवडतं मला हे माणूस, हे मला त्याच क्षणी लख्ख कळलं. मी त्याचा हात घट्ट धरला. "देईन. पण रोज यायचं. सकाळ-संध्याकाळ."

"या वेळी लेबल नीट बघून घे गं!" मावशी म्हणाली. म्हणजे लेबलाचा घोळ तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता!

"बघितलंय, मावशी," मी म्हटलं. "आत-बाहेर एकच आहे."