सड्यावरचं आयर्लंड

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर गिऱ्हाइकांपुढे मी हा विषय काढत नाही. माझी सहल अगदी साधी आहे. श्रावणातला रविवार, सकाळी सातला रत्नागिरीहून निघायचं, जयगडला फेरीबोटीत गाडी चढवायची, पलीकडे वाटेत सडा बघायचा आणि हेदवीच्या गणपतीचं दर्शन घेऊन तिथेच जेवायचं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. उन्हाळ्यात तिथे गुरंही थांबत नाहीत, पण श्रावणात ते हिरवंगार होतं, फुलांनी भरतं आणि एका अंगाला सरळ समुद्रात तुटतं. शेजारचे भिकाजीकाका आयुष्यभर बोटीवर होते. तेच एकदा म्हणाले, "आयर्लंडला लोकं गाड्या भरून असलंच बगायला जातात, बाय. आपल्याकडं कुत्रं विचारीत नाय." झालं, मी दुसऱ्याच दिवशी जाहिरात छापायला टाकली. कोकणातलं आयर्लंड, एका दिवसात!

माझे दीर, नितेशभावजी, पोट धरून हसले. "वैनी, बाईमाणसाच्या हातात चौदा जीव कोण देणार?" नवरा गेल्यापासून दहा वर्षं मी गाडी हाकतेय, पण आंब्याच्या पेट्यांची. माणसांची ही पहिलीच खेप. ती फसली की मी मुकाट्याने पुन्हा पेट्या वाहायच्या, असं घरात चारचौघांसमोर ठरलं होतं. मला त्याचा भयंकर राग आला होता.

घाट चढला की सड्याच्या सीमेवर राखणदाराचा, सीमा राखणाऱ्या देवाचा, दगड लागतो. तिथे उतरून नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि किती माणसं सीमेत येतायत ते राखणदाराला सांगायचं. सासूबाईंनी माझ्याकडून हे घोकून घेतलं होतं. मी हात जोडून म्हटलं, "म्हाराजा, चौदा लेकरं तुझ्या सीमेत येतायत. सुखरूप ने, सुखरूप आण." मागून गिऱ्हाइकं हौसेने ओरडली, "व्हय म्हाराजा!" ठाण्याची शमिका म्हणून एक मुलगी होती, तिने तर सगळं फोनवर टिपून घेतलं. भिकाजीकाकांना धरून यादीत चौदा नावं होती, म्हणून मी चौदा म्हटलं. यात काही चुकलं असेल असं मला वाटलंही नाही.

सकाळचे अकरा वाजले असतील. छान ऊन पडलं होतं. मागे गाण्यांच्या भेंड्या रंगात आल्या होत्या. आणि एकाएकी धुकं आलं. समुद्रावरून सरकत आलं नाही, जमिनीतून वर आलं. विझवलेल्या चुलीचा ओलसर वास सुटला. मागचं गाणं लांब लांब जाऊ लागलं.

"काय धुकं पडलं हो..." मी म्हटलं.

"कुठे आहे धुकं?" शमिका म्हणाली. "लख्ख ऊन आहे की!"

पोरगी चेष्टा करतेय असं वाटलं मला. तेवढ्यात समोरचं धुकं फाटलं आणि काळाकुळकुळीत रस्ता दिसला. मधोमध पांढरा पट्टा, कडेला हेदवीची पाटी. मी निश्चिंत होऊन गाडी तिकडे वळवली.

"ताई! रस्ता उजवीकडे राहिला! ताई, थांबा!"

सगळी गाडी किंचाळली. मी ब्रेकवर उभीच राहिले. शेवाळावरून चाकं घसरत गेली आणि गाडी डुलत डुलत थांबली. मला मात्र समोर तोच गुळगुळीत रस्ता दिसत होता.

बाजूच्या सीटवरून भिकाजीकाकांनी माझं मनगट घट्ट धरलं. "हलू नको, बाय... तुला काय दिसतंय?"

"रस्ता."

"रस्ता नाय तो. पुडं दर्या हाय." त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "कोणी जाग्यावरनं हलू नका... गाडी लवंडंल. बाय, गाऱ्हाण्यात किती माणसं बोललीस?"

"चौदा."

"आणि तू?"

मी स्वतःला मोजलंच नव्हतं. चौदांना राखणदाराने सांभाळलं होतं. त्यांच्या डोळ्यांना ऊन दिसत होतं, रस्ता दिसत होता. मला त्याच्या हवाली कोणी केलंच नव्हतं. आणि स्टिअरिंग माझ्या हातात होतं.

काकांनी टोपी काढली आणि बसल्या जागी गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, लेकराची चूक झाली. पंधरावं माणूस सांगायचं रायलं. ही दर्शना. हिच्या हातात आमी सगळी हाव. हिला पदरात घे, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" आता हौस नव्हती. मागची सगळी माणसं जीव तोडून ओरडली, शमिका तर रडत रडत.

क्षणभर काहीच झालं नाही. मग समोरून, काचेच्या पलीकडून, जिथे जमीनच नव्हती तिथून, एक जड आवाज आला. "व्हय."

धुकं गेलं. बॉनेटच्या पुढे हातभर गवत होतं आणि त्याखाली समुद्र फुटत होता. माझे हात कापले नाहीत, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. रिव्हर्स टाकला, तसूतसूने मागे आले, डांबरावर चारही चाकं टेकवली, आणि मग गाडीत जो जल्लोष झाला म्हणता! लोकांनी टाळ्या पिटल्या, शमिकाने मागून माझ्या गळ्यात हात टाकले, काकांनी डोळे पुसले. मी हेदवीला पोचवलं, जेवू घातलं आणि दिवेलागणीला चौदाच्या चौदा माणसं रत्नागिरीत उतरवली. त्यातली नऊ पुढच्या श्रावणात परत आली. आता बुकिंगचे फोन कोण घेतं माहितीये? नितेशभावजी! मी जिंकले, आणि मला त्याचा जाम आनंद आहे.

तेव्हापासून गाऱ्हाण्यात मी स्वतःला आधी मोजते.

गेल्या गुरुवारी जेवणाचं ठरवायला मी एकटीच हेदवीला निघाले होते. भर दुपार होती. सीमेवर उतरले, गाडीच्या काचा बंद होत्या. नारळ ठेवून म्हटलं, "म्हाराजा, आज एकच माणूस आहे."

मागून, बंद गाडीतून, त्या दिवशीचाच जड आवाज आला.

"एक नाय... दोन बोल."

मी मागे वळून पाहिलं नाही. दोन म्हटलं, आणि गाडीत जाऊन बसले.