एक्क्याऐंशी ग्रेन

पहिलं फूल मागच्या रेषेबाहेर पडलं. दुसरं रेषेवर. तिसरं पुन्हा बाहेर.

मलायाच्या बॅडमिंटन संघाचे मॅनेजर लिम यांनी रॅकेट खाली ठेवली. "सकाळी दहाला हीच फुलं रेषेच्या दोन फूट अलीकडे पडत होती. सगळ्यांनी पाहिलं. आता दीड वाजतोय. ही ती फुलं नव्हेत."

दादरच्या क्लबच्या त्या हॉलमध्ये तिन्ही फुलं जिथं पडली तिथंच राहिली. गुणफलकाशी बसलेल्या सरोजिनी कोठारेनं फलकावरचे आकडे पुन्हा पाहिले. भारत आणि मलाया, चार-चार सामने बरोबरीत. शेवटचा संध्याकाळी सहाला. मलायाला स्वतंत्र होऊन जेमतेम पाच महिने झालेले; त्यांचा नवा कोरा झेंडा तिरंग्याशेजारी लावलेला. तिकिटं कालच संपली होती.

फूल जड झालं तर फायदा कोणाचा, हे तिथं कोणाला विचारायची गरज नव्हती. जड फूल वेगानं जातं. आपला रघुवीर स्मॅशवर जगणारा. त्यांचा खेळाडू जाळ्याजवळ हलक्या हातानं खेळणारा.

"पाच वाजेपर्यंत खुलासा हवा," लिम म्हणाले. "नाहीतर आम्ही खेळणार नाही. आणि का खेळलो नाही, ते सगळ्या देशांना कळवू."

दहाच्या तपासणीनंतर फुलं ठेवली होती ऑफिसातल्या जाळीच्या कपाटात, खालच्या फळीवर सुटी मांडून. एके काळी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात दूधदुभतं ठेवायचं ते कपाट. दाराला कुलूप. शिवाय दारावर वर एक, खाली एक अशा दोन कागदी पट्ट्या डिंकानं चिकटवलेल्या, दोन्हींवर दोन्ही मॅनेजरांच्या शाईतल्या सह्या. दीड वाजता लिम यांनीच त्या ब्लेडनं मधोमध कापून दार उघडलं होतं. कुलपाची किल्ली एकाच माणसाकडे असे: लवू परब. जन्मभर कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवून आता आठ वर्षं क्लबची जाळी आणि फुलं सांभाळणारा.

भारतीय संघाचे मॅनेजर कमलाकांत त्रिलोकेकर यांनी खालच्या पट्टीवर बोट ठेवलं. "ही बघा. शाई पसरलीय. पाणी लावून पट्टी सोडवली, जड फुलं आत ठेवली, पट्टी पुन्हा चिकटवली. किल्ली कोणाकडे? लवूकडे."

"मी कुलपाक हात लावूक नाय, साहेब."

"मग भुतानं लावला? मी पत्र लिहितोय. नोकराचं कृत्य, नोकराला काढलं, पोलिसांत दिलं. देशाचं नाव तरी राहील."

लवू भिंतीला टेकून खालीच बसला. "पोलिसांत?" एवढंच म्हणाला.

खिडकीशी प्रशिक्षक श्यामकांत विजयकर उभे होते. सरोजिनीला दहाव्या वर्षी रॅकेट धरायला शिकवणारे तिचे श्यामकाका. दोन दिवस ओरडून त्यांचा घसा बसला होता. ते कुजबुजल्यासारखं म्हणाले, "लवू, कबूल करून टाक. पुढचं मी बघतो."

सरोजिनी पट्ट्यांकडे बघत होती. "त्रिलोकेकरसाहेब, दहा ते दीड या खोलीत कोण कोण आलं?"

"सगळेच. मी फोनवर होतो. लिमसाहेबांनी इथं पत्रं लिहिली. रघुवीर तासभर बाकावर झोपला. श्यामकांतनं दार लावून वाफारा घेतला. कपाट बंद असल्यावर खोलीत कोण आलं, याला काय अर्थ?"

"आणि लवूदादा?"

"जाळं बांधत होता. आत-बाहेर, आत-बाहेर."

"मला दोन फुलं द्या. एक कपाटातलं, आणि एक त्याच खोक्यातलं, सरावासाठी बाहेर ठेवलेलं. पाचच्या आत येते."

"आता कुठं निघालीस?"

"गिरणीत."

परळच्या एका गिरणीच्या तपासणी विभागात तिची नोकरी होती. बी. एस्सी. झाल्यापासून ती एकच गोष्ट मोजत आली होती: सुतात पाणी किती. सूत ग्रेनमध्ये तोलतात; साधारण पंधरा ग्रेनांचा एक ग्रॅम. बॅडमिंटनचं फूलही ग्रेनमध्येच तोलतात. कारखानदार एका वजनाची फुलं एका नळकांड्यात भरून वर आकडा छापतो. या नळकांड्यांवर ७७ छापलं होतं.

शनिवारची दुपार, विभागात कोणी नव्हतं. तिनं तराजू साफ केला.

बाहेरचं फूल : सत्त्याहत्तर ग्रेन.

कपाटातलं : एक्क्याऐंशी.

क्षणभर तिला वाटलं, साहेबांचंच खरं. जड फुलं आणून ठेवली. पण मग तिनं दोन्ही फुलं सूत सुकवायच्या भट्टीत टाकली आणि घड्याळासमोर बसून राहिली. तासाभरानं पुन्हा तोललं. खात्रीसाठी दोनदा तोललं.

परतताना ट्राम खोदादाद सर्कलच्या अलीकडेच अडकली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघालेले जथे रस्ता भरून शिवाजी पार्ककडे चालले होते. सरोजिनीनं उडी मारली आणि पदर खोचून गर्दीतून वाट काढत सुटली. क्लबच्या मागच्या दारी पोचली तेव्हा साडेचार झाले होते. तिथं सुंदराबाईंचं चहाचं दुकान.

"सुंदराबाई, सकाळी उकळतं पाणी कोणी कोणी नेलं?"

"त्या मलायावाल्यांनी एक थर्मास. नुसतंच पितात गं, चहापत्ती नाही की काही नाही. आणि श्यामकांतभाऊंनी किटली, वाफाऱ्याला. स्टोव्हसकट नेली."

"किटली? टोप नाही?"

"मी म्हटलं की मोठा टोप देते, वर घोंगडी देते. तर नको, किटलीच हवी. चांगली काठोकाठ भरून दिली होती, परत आली ती बुडाशी घोटभर पाण्याची."

सरोजिनी जिना चढली.

ऑफिसात सगळे होते. त्रिलोकेकरांचं पत्र टाइप होऊन टेबलावर पडलं होतं. लवू तसाच भिंतीशी.

"फुलं बदललेली नाहीत," ती लिमना म्हणाली. "तीच आहेत."

"सिद्ध करा."

"कपाटातलं एक्क्याऐंशी ग्रेन भरलं, बाहेरचं सत्त्याहत्तर. दोन्ही पूर्ण सुकवली, तर दोन्ही अडुसष्ट. मुळात जड फूल असतं तर सुकल्यावरही जड राहिलं असतं. वरचे चार ग्रेन म्हणजे निव्वळ पाणी."

"हवेतलं?" रघुवीरनं विचारलं.

"बाहेरचं फूल याच खोलीत, कपाटापासून हातभर अंतरावर होतं. ते कोरडं कसं राहिलं?"

त्रिलोकेकर चिडले. "मग लवूनंच उघडून ओली केली असतील."

"उघडायला दोन्ही पट्ट्या सोडवाव्या लागतात. वरच्या पट्टीवरची शाई जराही पसरलेली नाही. फक्त खालची पसरलीय. कारण वाफ खालून, जाळीतून आली. कपाट कोणी उघडलंच नाही, साहेब. ज्याच्याकडे किल्ली आहे तो जाळीतून वाफ कशाला सोडेल? किल्ली नव्हती, त्यालाच ती खटपट करावी लागली."

लिम पुढं वाकले. "माझ्या माणसांनीही गरम पाणी आणलं होतं."

"थर्मासमधून. त्याची वाफ दोन मिनिटांत विरते. चार ग्रेन चढवायला स्टोव्हवर सतत उकळतं पाणी हवं, आणि वाफ नेमकी सोडायला तोटी." ती खिडकीकडे वळली. "वाफारा टोपातून घेतात, श्यामकाका. वरून घोंगडी घेऊन. किटलीच्या तोटीतून कोणी वाफारा घेतं का? चेहरा भाजेल."

खिडकीबाहेरून घोषणा ऐकू येत होत्या.

श्यामकांतांनी खुर्ची ओढली. "थोडंच करायचं होतं," ते म्हणाले. "फूटभर. पास झालेली फुलं कोणी पुन्हा तपासत नाही. लिमसाहेब, सहा वर्षांपूर्वी पेनांगला मी असाच शेवटचा सामना खेळलो. तुमची फुलं जाळ्यापुढं जातच नव्हती. माझा एक स्मॅश लागला नाही. ते लोक हसत होते. अजून कानात आहे ते."

लिम त्यांच्यासमोर येऊन बसले. "तिथं तेव्हा मीही होतो," ते म्हणाले. "फुलं हलकी होती. आम्हीच निवडली होती."

त्रिलोकेकर घाईनं मध्ये पडले. "मग झालं तर, फिट्टंफाट. आता हे चौघापाचांतच राहू दे. पत्र तयारच आहे, नोकराच्या निष्काळजीपणानं फुलांना पाणी लागलं म्हणू. आपलाही मान राहतो, लिमसाहेबांचाही."

"आणि लवूदादांचा?" सरोजिनीनं विचारलं.

"अगं, त्याला काय, दुसरीकडे लावून देऊ कुठंतरी."

तिनं श्यामकांतांकडे पाहिलं. त्यांनीच हात लांब करून टेबलावरचं पत्र उचललं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूला इंग्रजीत सहा-सात ओळींत आपली कबुली लिहिली. सही केली. लिमनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवणार तोच लवू उठून उभा राहिला.

"बाय, माका इंग्रजी येणा नाय. त्या कागदार माझां नाव खंय आसा?"

सरोजिनीनं कागद मागून घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकेक ओळ बोटाखाली धरून वाचला.

"कुठंच नाही, लवूदादा."

"बरां झाला." त्यानं लिमसाहेबांकडे वळून हात पुढं केला. "आमची फुलां भिजली, तुमच्या संघाची द्या. पाच वाजले, तपासूची लागतली."