डावी मूठ

मोटरसायकलवाले रस्त्यात समोरासमोर आले की हात खाली सोडून दोन बोटं दाखवतात. तो त्यांचा नमस्कार. पण आमच्या स्प्रिंगफील्डात हार्लीवाल्याला असला नमस्कार कुणी करत नसे. इंडियन नावाची मोटरसायकल आमच्या गावात बनायची, हार्ली मिलवॉकीत, आणि दोघांचं अगदी विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्यामुळे १९५३ सालच्या मे महिन्यातल्या त्या रविवारी एका हार्लीवाल्याने मला दोन बोटं दाखवली, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाला असतील.

मागे कुणीच नव्हतं. बेकरीच्या गल्लीत मी एकटी, अंगात चर्चला जायचा झगा, आणि समोर बंद पडलेली माझी लाल इंडियन, चीफ मॉडेलची. किक मारून मारून घामाघूम झाले होते. तो थोडा पुढे गेला, वळला आणि परत आला. उंच, उन्हाने रापलेला, आणि डोळ्यांत… काय सांगू, फार लांबून चालत आलेल्या माणसाच्या डोळ्यांत असतं तसं काहीतरी.

"मदत करू का?"

"हार्लीवाल्याची मदत घेतली तर पपा मला जेवायला वाढणार नाहीत," मी म्हटलं.

"मग मी वाढीन."

आगाऊच होता! पण दुसऱ्याच किकेला त्याने गाडी सुरू केली, हे कबूल करायला हवं. "बघा, चालवूनही दाखवतो," म्हणत बसला, गिअर टाकला आणि उजवी मूठ पिळली. काही झालं नाही. पुन्हा पिळली. मी ओरडून सांगणार तोवर त्याने गोंधळून डावी पिळली… आणि गाडी उधळली. हार्लीची पेट्रोलची मूठ उजवीकडे, माझ्या चीफची डावीकडे. गल्लीच्या टोकाला एका म्हातारीने चादरी वाळत घातल्या होत्या, त्यांत तो शिरला आणि गाडीसकट गुंडाळला गेला.

मी पोट धरून हसत होते. चादरीतून आवाज आला, "उजव्या बाजूला काय बिघडलंय हिच्या?"

"काही नाही. ती तुमच्यासारख्यांसाठी बनवलेली नाही, एवढंच."

त्याचं नाव हॅल्वर लुंड. महायुद्धात निरोप पोचवायला मोटरसायकल चालवायचा. लढाई संपली तरी त्याचं फिरणं संपलं नाही. आठ वर्षं सगळी अमेरिका पालथी घातली, कुठे संत्री तोडली, कुठे तेलाच्या विहिरींवर राबला. आणि आता स्प्रिंगफील्डात कशाला आला होता? तर आमच्या कारखान्यात नोकरी मागायला. पपांना हसावं की रडावं ते कळेना. त्याच वर्षी कारखान्यात शेवटच्या चीफ बनत होत्या. पपांनी सत्तावीस वर्षं तिथे हँडलं आणि मुठी बसवल्या, त्यांचीच नोकरी संपत आली होती. "मिलवॉकीकर, वरात गेल्यावर आलास बाबा," ते म्हणाले. पण जेवायला वाढलं. आणि माझ्या मामाच्या गॅरेजात त्याला कामालाही लावलं.

कारखान्यात मीसुद्धा होते. तयार गाड्यांच्या पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या मी टाइप करत असे. अमारिलो, फ्लॅगस्टाफ, बेकर्सफील्ड… पाच वर्षं नुसती गावांची नावं. लाकडी पेटीतली गाडी फ्लॅगस्टाफला जायची आणि ही लोरेट बोशमँ मात्र पाचच्या भोंग्याला घरी. पायाला भिंगरी घेऊन जन्मलेल्या मुलीला एका खुर्चीवर बसवून ठेवलं होतं देवाने! जेवताना माझा पाय हलायचा, प्रार्थनेत हलायचा, झोपेतही हलत असेल. कारखाना बंद झाला की निघायचं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, थेट पॅसिफिकच्या पाण्यापर्यंत, हे माझं ठरलेलं होतं. गुडघा गेल्यावर पपांनी स्वतःची चीफ मला दिली, तेव्हाच म्हणाले होते, "गाड्या बनवल्या त्या काही दारात उभ्या करायला नाही."

संध्याकाळी नदीकाठच्या मैदानावर मी हॅल्वरला माझी गाडी शिकवायचे आणि त्याची हार्ली मी शिकायचे. पहिले काही दिवस त्याचा हात चुकायचा. दर वेळी तीच तऱ्हा, आधी उजवी पिळणार, काही झालं नाही की दचकून डावी. मी त्याच्या डाव्या हातावर हात ठेवायची. शिकवायला हो! त्याचा तळवा खरखरीत होता आणि नेहमी गरम. पंधरा दिवसांनी हात चुकायचा थांबला, तरी मी हात ठेवतच होते, आणि त्यानेही हात काढून घेतला नाही. ऑगस्टपर्यंत तो चीफवर बसून कॉफीच्या कपाभोवती गोल फिरायचा, कप न सांडता.

मी त्याला रस्त्यांबद्दल विचारायची. वाळवंटात पहाट कशी होते? डोंगर उतरताना कानात काय होतं? तो सांगायचा, पण थोडक्यात, आणि मग उलट मलाच विचारायचा. त्या निळ्या दाराच्या घरात कोण राहतं? किती वर्षं? या झाडावर नावं कुणी कोरली? मला त्याचे रस्ते हवे होते आणि त्याला माझी गल्ली. "दुरून डोंगर साजरे, लोरेट," तो म्हणायचा. मी म्हणायची, "जवळून बघू दे, मग ठरवते."

एकदा त्याने मला बिडाचा एक तवा आणून दाखवला. चांगला जाडजूड, दोन हातांनी उचलावा लागे असा. आठ वर्षांत विकत घेतलेली पहिली वस्तू, जी त्याच्या गाडीच्या पिशवीत मावत नव्हती. नुकत्याच झालेल्या बाळाचा बाप असतो ना, तसा चेहरा झाला होता त्याचा. त्यावर बटाटे परतून त्याने मला खरंच जेवायला वाढलं. बटाटे करपले होते. मी सगळे खाल्ले.

सप्टेंबर लागला आणि बुधवारी त्याने मनातलं बोलून दाखवलंच. गॅरेजच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या, समोर छोटा व्हरांडा. "मामा देतो म्हणतात… दोघांना पुरतील," तो म्हणाला आणि मान खाली घालून मुठीवरची नसलेली धूळ पुसत राहिला.

देवाशपथ सांगते, मला आनंदाने रडू येणार होतं. आणि त्याच क्षणी श्वासही कोंडला. त्या व्हरांड्यातून रस्ता दिसतो, मला माहीत होतं. मी म्हटलं की मी तर महिन्याभरात निघणार, तू ये. तो म्हणाला, थकलोय गं. मी म्हटलं, थकलेल्याने गाडी विकावी. नको ते बोलून गेले. तो निघून गेला आणि मी घरी येऊन पपांवर, भांड्यांवर, मांजरावर, सगळ्यांवर राग काढला.

शुक्रवारी मीच गॅरेजात गेले. सोमवारी कामगार दिनाची सुट्टी, आमच्याकडे ती सप्टेंबरातच येते; त्या दिवशी आमच्या मोटरसायकल क्लबची सहल, आणि सहलीत हळू गाडी चालवायची शर्यत. जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. मी म्हटलं, पैज लावू. मी जिंकले तर दोघं पॅसिफिकला. तू जिंकलास तर मी इथेच राहीन आणि रस्त्याचं नावसुद्धा काढणार नाही.

"तू आणि हळू?" भांडणानंतर तो पहिल्यांदा हसला.

"वर गाड्याही बदलू. आपापल्या गाडीवर कुणीही हळू जाईल."

हातातलं फडकं त्याने बाकावर टाकलं. मग म्हणाला, "ठीक आहे."

सोमवारी गवतावर चुन्याच्या दोन रेघा ओढल्या, मध्ये साठ पावलांचं अंतर. आम्ही आठ जण निघालो. तीन लगेच कलंडले, दोघांनी पाय टेकले, एक जण वैतागून सरळ पार करून गेला. उरलो मी आणि तो. मी त्याच्या हार्लीवर, तो माझ्या चीफवर. माझे दात दातांवर रोवलेले, मांड्यांनी टाकी आवळून धरलेली. जन्मात एवढी हळू मी कधी कुठे गेले नव्हते! आणि तो शेजारी असा बसलेला, जणू खुर्ची टाकून बसलाय. हळूहळू त्याचं चाक माझ्या मागे पडलं, एक वीत, मग दोन. समोर चुन्याची रेघ हातभरावर. थांबले तर पाय टेकणार, पुढे गेले तर हरणार. मनात आलं, संपलं. निळं दार, व्हरांडा, दिलेला शब्द. आणि खरं सांगू? त्याच्याबरोबर तेही मी केलं असतं. पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते काही लपवता आलं नाही.

तो माझ्याकडेच बघत होता.

"लोरेट," तो हळूच म्हणाला, "पॅसिफिकचं पाणी फार गार असतं. आधीच सांगून ठेवतो."

आणि त्याने डावी मूठ पिळली. चीफ उसळली, माझ्या पुढून रेघ ओलांडून गेली आणि सरबताच्या टेबलात घुसली. सगळा क्लब हसून हसून लोळला. मिलवॉकीकराचा हात पुन्हा चुकला! मी कशीबशी, पाय न टेकता, त्याच्यामागून रेघ पार केली. कुणीतरी माझ्या हातात पत्र्याचा करंडक कोंबला, तो मी पपांकडे दिला आणि धावत सुटले.

तो गवतावर बसला होता, केसांतून लिंबाचं सरबत गळत होतं.

"सवय," तो म्हणाला. "हात चुकला."

"खोटारड्या. तुझा हात चुकतो तेव्हा तू आधी उजवी पिळतोस. आज उजवी हललीच नाही."

"एवढं कोण बघतं?"

"मी बघते. चार महिने दुसरं काय बघतेय?"

मग मात्र तो हसायचा थांबला. म्हणाला, "तू राहिली असतीस. शब्द पाळला असतास. आणि रोज व्हरांड्यात बसून रस्त्याकडे बघत पाय हलवला असतास. मला घर हवंय लोरेट, पण तसलं नको."

जिंकल्यासारखं काही वाटतच नव्हतं. म्हटलं, "आणि तुझ्या खोल्या? तुझा तवा?"

"तवा मागच्या चाकावर आडवा बसतो. पट्टा लागेल एक. मोजून पाहिलंय."

"कधी मोजलंस?"

तो कान खाजवू लागला. "गुरुवारी."

गुरुवारी! पैज तर मी शुक्रवारी लावली होती. म्हणजे हा माणूस आधीच यायला तयार होता, आणि मी तीन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही स्वतःला, साठ पावलं जीव मुठीत धरून चालवली…

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुला जिंकायला आवडतं ना," तो म्हणाला.

मी त्याचा डावा हात धरला आणि सगळ्या क्लबादेखत, पपांदेखत, त्या सरबतात भिजलेल्या हार्लीवाल्याचं चुंबन घेतलं. गोड लागलं आणि थोडं आंबटही. मागून पपा कुणाला तरी सांगत होते, की आता घरात हार्ली उभी करायला जागा करावी लागणार, पण माझ्या चीफपासून दोन हात लांब.

तो चिकट हात माझ्या हातात घेऊन मी गवतावर तशीच बसून राहिले. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, माझा पाय हलत नव्हता.