बनुबाईचा पीपी नंबर

वायफायच्या त्या डबीचं सेटिंग मग करा रं. हिकडं बसा. आमच्या कंप्युटरवाल्या जिनेशनं माधवनगरात पयलं इंटरनेट जोडलं, तवाची गोष्ट हाय. ह्यो तुमचा तात्या थापा मारतोय वाटलं तर जिनेशलाच इचारा. सांगणार न्हाई त्यो, पर इचारा.

मंगळवार, सोळा फेब्रुवारी, नव्व्याण्णव साल. सूतवाल्या रायगोंडाअण्णांच्या घरी नवा कंप्युटर आलता. तवा इंटरनेट घरच्या फोनवरनंच चालायचं. ते चालू आसलं की फोन एंगेज. नंबर लावायचा कोल्हापूरचा, आन् लांबचा फोन रात्री अकरानंतर स्वस्त, म्हणून जिनेश मोडेम काखंत मारून रात्रीचाच गेला. काम जमलं तर अण्णा त्याला आनखी चार पेढ्यांवर धाडणार हुते. गडी खुशीत हुता.

नंबर घातला, युजरनेम घातलं, पासवर्ड घातला. तेवढ्यात उंबऱ्यात समोरची बनुबाई. तिच्या घरी फोन न्हवता, म्हणून लेकाला अण्णांचाच नंबर दिलेला. पीपी नंबर म्हणायचं त्याला; फोन आला की शेजाऱ्यानं हाक मारायची. लेक आकाराम लांब कटकला, सोनं गाळायच्या दुकानात. अंगावर ॲसिड सांडून दवाखान्यात पडलेला.

“बाबा, अकराला फोन येनार हाय माज्या आकारामाचा. येईल न्हवं?”

“येईल की मावशी. बसा. लाइन मोकळीच हाय.”

धादांत खोटं! मोडेम किरकिरलं, लागलं. अण्णा हरखले; हे दाव, ते दाव. रिकामं राहिलं तर आपोआप तुटायचं एक सेटिंग आसतं, जिनेशनं तेबी काढून टाकलं. एकदा वाटलं त्याला, पाच मिनिटं सोडावी लाइन. पर पुन्हा लागलं न्हाई तर अण्णांपुढं फजिती! एक वाजता उठला. म्हातारी उंबऱ्यातच बसलेली.

“न्हाई आला मावशी. इसरलं आसंल पोरगं,” म्हणाला, आन् वर हसलाबी, लेकाचा.

आकाराम त्याच रात्री साडेबाराला गेला. वॉर्डबॉयनं अण्णांना कळवलं, पोरगं शेवटपतूर नंबर लावत हुतं, सारखा एंगेज. बनुबाई रडली न्हाई. एवढंच म्हणाली, “शेवटाला मला इसरला.” कुनी तिला खरं सांगितलं न्हाई. जिनेशनंबी न्हाई.

शुक्रवारी अण्णांचा निरोप, इंटरनेट लागंना. जिनेश गेला. अण्णांनी दार उघडलं न् आत जाऊन पडले. रातचे अकरा वाजले. जिनेशनं नंबर लावला. मोडेम किरकिरलं... आन् मधीच थांबलं.



मग त्या मोडेममधनं, बारीक...

“आई हाय का?”

जिनेशनं वायर उपटली. मोडेमचा दिवा इझला.

“आई... हाय का?”

  खोट्याच्या सवयीनं तोंडातनं गेलंच...

“न्हाईत.”

मोडेममधनं परत,

“बरं. मीच जातो घरी.”

जिनेश उठला. पळाला. रस्ता वलांडला. दार नुसतं लोटलेलं.

बनुबाई भिंतीला टेकून बसलेली. उजवा हात कानाशी. मूठ आवळलेली.

“मावशी... मावशी, फोन...”

हात लावला. संपलेली.

चौघांनी जोर लावला, मूठ सुटली न्हाई. आन् ऐका रं... अंग बर्फागत गार. पर उजवा कान ऊन हुता. सकाळी तिरडीवर ठेवली, तवाबी ऊनच.