पंधरा दिवसांची कल्हई

तो आमच्या ओट्यावर चढला तो पाऊस चुकवायला. अठराशे ब्याऐंशी सालचा भाद्रपद होता. लख्ख ऊन पडलेलं असतानाच सर आली, आणि ठाण्याच्या आमच्या तांबटआळीत ज्याला जो ओटा सापडला तो त्यावर चढला. आमच्या वाट्याला हा आला. उंच, निळा डगला घातलेला, आणि फडक्यात गुंडाळलेली कसलीशी वस्तू तान्ह्या मुलासारखी छातीशी धरलेली.

"भिजली का हो?" मी विचारलं.

"मी की ही?"

"ती. तुम्ही भिजलाय ते दिसतंच आहे."

तो हसला. मग बघत राहिला... जरा नको तितका वेळ. मी कल्हईच्या नवसागराची डबी उगाचच उघडून बंद केली.

मी नंदा. तेव्हा वीस वर्षांची, म्हणजे आळीच्या भाषेत घोडनवरी. आई नव्हती. बाबांचे, परशुराम तांबटांचे, डोळे भट्टीच्या धगीनं अधू झालेले. भाता ते ओढायचे, पण भांड्यात कथील फिरवायचा कापसाचा बोळा माझ्या हातात असायचा. स्थळं यायची. लग्नानंतरही बाबांपाशी राहीन, भट्टी चालवीन, असं मी सांगितलं की पानसुपारी घेऊन उठायची. मला त्याचं दुःख नव्हतं असं नाही. पण बाबांना एकटं टाकून जाण्यापेक्षा ते परवडत होतं.

पाहुण्यानं फडकं सोडलं. आत तांब्याची दोन मजली किटली होती. अशी मी कधी पाहिली नव्हती.

"आमचा साहेब विलायतेला गेला, जाताना मला देऊन गेला," तो म्हणाला. "खालच्या मजल्यात पाणी, मधे जाळीवर बुंदाची, म्हणजे कॉफीच्या बियांची पूड. विस्तवावर ठेवली की पाणी आपसूक वर चढतं आणि कॉफी तयार."

"पाणी वर चढतं?" बाबांनी भाता थांबवला. "काहीतरीच!"

"वाफ ढकलते, काका. आख्खी आगगाडी ढकलते, एवढंसं पाणी काय!"

बाबांनी त्याला कुणाचा कोण विचारलं. तो कल्याणच्या भिवा तांबटाचा मुलगा निघाला, नाव गुणाजी. वडील गेले, घरची भट्टी मोडली, आणि तो रेल्वेत फिटर झाला.

"आलोच आहे तर कल्हई करून द्या," तो म्हणाला. "आतून तांबं दिसायला लागलंय."

मी किटली तापवली, नवसागर टाकला. पांढरा धूर उठला आणि त्यात तो दिसेनासा झाला. धूर विरला, तर तो होता तिथूनच माझ्याकडे बघत होता. कथील फिरवून मी किटली पाण्यात बुडवली... चर्रर्र! आतून चांदीसारखी निघाली.

भट्टीत विस्तव होताच. त्यानं खिशातून बुंदाची पुडी काढली, वाफ सुटू नये म्हणून दोन मजल्यांमधे सुताचं वेटोळं घट्ट बसवलं, आणि खरंच, खालचं पाणी गुरगुरत वर आलं. साहेबाचं भांडं म्हणून बाबा आधी कुरकुरले, मग विस्तवातून निघालेलं भांडं शुद्धच की, असं स्वतःच म्हणाले आणि पेला पुढे केला.

मी एक घोट घेतला. "कडू आहे!"

"पहिल्यांदा लागते. मग सवय होते."

"कॉफीची?"

"मी... कॉफीचंच म्हणतोय," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

पंधरा दिवसांनी, रविवारी, तो पुन्हा हजर. "कल्हई गेली हो."

मी आत पाहिलं. खरंच तांबं उघडं पडलं होतं. सहा महिने टिकणारी कल्हई पंधरा दिवसांत? मी ओशाळले, पुन्हा करून दिली. पंधरा दिवसांनी परत तेच. कॉफीत असेल काहीतरी, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगू? मला खोलात शिरायचंच नव्हतं. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसत होते, आणि भट्टीपाशी हिरवं लुगडं नेसायला मी काही खुळी नव्हते.

चौथ्या खेपेला मात्र घोटाळा झाला. दिवाळी तोंडावर आलेली. समोरच्या हौसाबाई आपली मोठी पातेली घेऊन ओट्यावर बसल्या होत्या.

"परत गेली," गुणाजी म्हणाला. "ठेवून जातो. पुढच्या रविवारी नेईन."

तो आळीच्या टोकाशी पोचतो न पोचतो तोच हौसाबाई उठल्या. "पंधरा दिवसांत गेली? मग आमच्या पातेल्यांचं काय गं? दिवाळीचं तांब्यात कळकलेलं खायचं होय आम्ही?" त्यांनी पातेली उचलली. संध्याकाळपर्यंत आणखी चार घरांनी आपली भांडी परत नेली.

बाबांनी भाता खाली ठेवला. "नंदा, तुझा हात बसला नाही गं पोरी. आणि मला दिसत नाही. कुणाच्या पोटात विष जायला नको. भट्टी बंद करू."

मी रडले. हात बसला नाही? दहा वर्षं मी हेच करत होते! दुसऱ्या दिवशी किटली उन्हात नेऊन मी नीट पाहिली. आत बारीक ओरखडे होते, गोल-गोल, शेकडो.

रविवारी तो आला तेव्हा मी साधंच लुगडं नेसले होते.

"वाळू कुठली वापरली?" मी विचारलं.

त्याचं हसू मावळलं. "...नदीची."

"तांबटाचा मुलगा ना तुम्ही? वाळूनं घासलं की कल्हई जाते, ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. म्हणून तर..."

"मग ऐका. तुमच्या किटलीपायी आमच्याकडे आता कुणी भांडी टाकत नाही. बाबा भट्टी मोडतायत. माझा हात बसला नाही म्हणे!"

तो पांढराफटक पडला. त्यानं किटली उचलली, समोर गेला आणि हौसाबाईंच्या दारात उभा राहून आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, कल्हई उत्तम होती. मीच वाळूनं घासून काढली. तीनदा!"

"का रे मेल्या?"

"पुन्हा येता यावं म्हणून."

आळीत हसू फुटलं. मी पदर तोंडावर घेतला. एवढा राग आलेला असूनही पदराआड मी हसत होते, हे मला कबूल केलं पाहिजे. हौसाबाईंनी किटली उन्हात धरून ओरखडे पाहिले आणि मुकाट्यानं पातेली आणायला आत गेल्या.

"गुणाजी," बाबा म्हणाले, "पहिल्याच दिवशी बोलला असतास तर?"

"धीर नव्हता, काका."

"आणि आता?"

तो माझ्याकडे वळला. "मी... ठाण्याला बदली मागतो. इथेच राहीन. काका आपले, भट्टी तुमची. चालेल?"

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू देत. तुम्ही काय म्हणाल?"

मला उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही. "एक अट. वाळू बंद."

मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. त्याला सतरा वर्षं होतील. किटली रोज सकाळी विस्तवावर चढते. सूत त्यांनी बदलायचं, कल्हई मी करायची, सहा महिन्यांनी एकदा. आतून चिंच नाही, राख नाही. नुसत्या पाण्यानं विसळायची, मऊ फडक्यानं पुसायची, मजले सुटे करून उन्हात ठेवायचे. बाबा रोज गूळ घालून दोन पेले पितात, आणि पाणी वर चढतं हे काही खरं नाही असं रोज म्हणतात.

गेल्या महिन्यात माझी आतेबहीण शकू आजारी होती, म्हणून मी पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे विठ्ठलवाडीला गेले. नवव्या दिवशी दुपारी अंगणात कुणीतरी उभं. कानांवरचे केस पिकलेले, छातीशी फडक्यात गुंडाळलेली वस्तू.

"काय झालं?"

"कल्हई गेली."

"अहो, आत्ताच दिवाळीला केली होती!"

"हल्ली तुझा हात बसत नाही," ते म्हणाले. कान मात्र लाल झाले होते.

मी किटली उन्हात धरली. आत ओरखडे होते, गोल-गोल.

"नदीची?" मी विचारलं.

"खाडीची. घाईत होतो."

शकू दारात उभी राहून हसत होती. ती आता हिंडतीफिरती झाली होतीच. मी आत जाऊन गाठोडं बांधायला घेतलं.