गंजाची बोटं

"ताई, कुणीतरी ट्रक पळवला!" भुंगा धापा टाकत ओरडला. "टेबलावर नुसती पाटी उरलीय!"

ताईच्या हातातून वॉर्निशचा डबा पडता पडता वाचला. आख्खी सुट्टी तिने त्या वीतभर लष्करी ट्रकवर घालवली होती. आजोबांनी तरुणपणी असाच ट्रक घाटातून चालवला होता. आज ते सभागृहातलं प्रतिकृतींचं प्रदर्शन बघायला येणार होते आणि ताईने त्यांचाच ट्रक बनवलाय, याचा त्यांना पत्ताच नव्हता!

"आपण डबा आणायला घरी काय गेलो..." ताईला रडू फुटलं.

"रडायचं नंतर, शोधायचं आधी!" प्रोफेसर म्हणाला. शेजारचा हा मुलगा जगाला अक्कल शिकवायचा, म्हणून हे नाव. सभागृहात शिरताच त्याने टेबलाला नाक लावलं. "हे बघा!"

पांढऱ्या कापडावर तांबूस बोटं उमटली होती. ताईने ट्रकच्या पत्र्याला गंजाच्या रंगाची पूड चोळली होती. ती पक्की बसायला वरून वॉर्निश मारावं लागतं आणि नेमकं तेच राहिलं होतं.

"म्हणजे चोराची बोटं लाल! चला, सगळ्यांचे हात बघू!"

"भुंग्या, मागितला म्हणून कोण हात दाखवेल?" ताईने विचारलं.

"भविष्य सांगतो म्हटलं की सगळे दाखवतात!" भुंगा डोळे मिचकावत म्हणाला.

सभागृहाचे व्यवस्थापक फडकं घेऊन खिडक्या पुसत होते. त्यांना धुळीचा कणसुद्धा खपत नसे.

"काका, आमचा ट्रक पाहिलात?"

"नाही बुवा! मी सफाईत आहे, दिसत नाही का?"

"बरं, मग हात दाखवा. तुम्हाला बढती आहे का बघतो!"

काकांनी खुशीत हात पुढे केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! तळहात तांबडालाल!

"काका, हा आमच्या ट्रकचा गंज आहे," ताई ठणकावून म्हणाली.

"तो ट्रक होता?" काका गडबडले. "टवके उडालेले, चाकांना चिखल... मला वाटलं, कुणाचं तरी मोडकं खेळणं! मी ते भंगारात टाकलं. खोकं मागच्या दारी ठेवलंय, गाडी आली असेल..."

पुढचं ऐकायला थांबतंय कोण! तिघं सुसाट मागच्या दारी पोहोचली. भंगारवाला गाडीत खोकं चढवतच होता.

"थांबा!" ताईने खोक्यावर झडप घातली. फुटक्या बादलीखाली ट्रक होता, अगदी धडधाकट!

"काय गोंधळ आहे हा?" फाटकातून आजोबांचा आवाज आला. ताईने ट्रक पुढे केला. आजोबांनी चष्मा पुसला आणि ट्रक निरखला. चालकाच्या दाराखाली ताईने एक ओरखडा काढला होता. त्यावर त्यांचं बोट थांबलं.

"इथे माझा बूट घासायचा," ते हळूच म्हणाले.

"तुम्हीच सांगितलं होतंत ना!" ताई म्हणाली.

"चुकलो हो, साहेब," व्यवस्थापक काका ओशाळून म्हणाले. "खरंच भंगार वाटला."

"अहो, याहून मोठी शाबासकी ती काय!" आजोबा हसले, पण डोळे भरले होते. "माझा ट्रकही शेवटी भंगारातच गेला. तेव्हा त्याच्यामागे कुणी धावलं नाही. आज माझी पोरं धावली!"

"तुमचा ट्रक आता मधल्या टेबलावर! मीच नेऊन ठेवतो," काका पुढे सरसावले.

"काका!" तिघं एकदम ओरडली. "आधी हात धुवा!"